कोकणाचं दार कुणीकडे?

मोबाईलवरचा नकाशा उघडा आणि दाभोळ शोधा. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. समोरच्या काठावर धोपावे. फेरीबोटीने गेलात तर चहा गार व्हायच्या आत पलीकडे. आता फेरीचा पर्याय बाजूला ठेवा आणि फक्त रस्त्याने कसं जायचं ते बघा. निळी रेघ दाभोळहून आधी दापोलीला जाते, मग खेड, मग चिपळूण, आणि तिथून वळसा मारून पुन्हा गुहागरच्या किनाऱ्याकडे येते. डोळ्यांना दिसणाऱ्या गावाला पोचायला अर्धा दिवस.

हा प्रकार एकट्या दाभोळचा नाही. बागमांडला आणि वेश्वी, जयगड आणि तवसाळ, रेवस आणि करंजा अशा जोड्या किनाऱ्यावर जागोजागी आहेत. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे जुना सतरा नंबर आणि आताचा सहासष्ट, कोकणातून जातो खरा, पण बहुतेक वाटेवर समुद्र दिसतच नाही. पहिल्यांदा गाडीने गोव्याला निघालेले लोक हमखास विचारतात, "अरे, बीच कुठाय?" बीच उजव्या हाताला आहे, बरंच लांब. रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याकडून, आतल्या बाजूने काढलेला आहे.

असं का झालं याचं उत्तर शोधताना मला कोकणाच्या इतिहासाचीच एक किल्ली सापडल्यासारखं वाटलं. आपण म्हणतो, "कोकण मागास राहिलं, कारण तिथे रस्ते आणि पूल नव्हते." हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की कोकण मागे पडलं ते दुसरीकडे रस्ते झाले म्हणूनही. आणि पुढे कोकणात रस्ते आले तेव्हा त्यांनी जेवढं आणलं, तेवढंच किंवा त्याहून जास्त बाहेर नेलं.

खाडीचं तोंड आणि खाडीचं टोक

आधी भूगोल. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत कोकणाची पट्टी अरुंद आहे. नद्या आखूड आणि उतार मोठा. शेवटच्या टप्प्यात मात्र जमीन सपाट होते आणि समुद्राची भरती नदीत शिरून कितीतरी मैल आत येते. हीच खाडी. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, तेरेखोल अशा खाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडे एकामागोमाग एक येतात. किनाऱ्याने चालत निघालेल्या माणसाला प्रत्येक खाडी म्हणजे एक कुंपण. होडीने निघालेल्या माणसाला तीच खाडी म्हणजे सह्याद्रीकडे जाणारा तयार रस्ता.

त्यामुळे जुन्या कोकणात बंदरांच्या जोड्या होत्या. एक बंदर खाडीच्या तोंडाशी, जिथे मोठी गलबतं लागत. दुसरं खाडीच्या टोकाशी, म्हणजे भरतीचं पाणी जिथपर्यंत पोचतं तिथे. बाणकोट तोंडाशी, तर महाड टोकाशी. दाभोळ तोंडाशी, तर चिपळूण टोकाशी, आणि चिपळूणचं बंदर गोवळकोट. जैतापूर तोंडाशी, राजापूर टोकाशी. विजयदुर्ग तोंडाशी, खारेपाटण टोकाशी. माल भरतीबरोबर आत यायचा, टोकाच्या पेठेत उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटवाटेने वर देशावर जायचा. वरून धान्य, गूळ, कापूस खाली येई. खालून मीठ, नारळ, मासळी, खजूर, धातू वर जाई.

या पेठा किरकोळ नव्हत्या. खारेपाटणला इ.स. १००८ चा शिलाहारांचा ताम्रपट सापडलेला आहे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळलं, तेही काहीतरी मोलाचं होतं म्हणूनच. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा ती वखारही त्यातून सुटली नाही. ज्याला आज आपण 'दुर्गम भाग' म्हणतो, तिथे त्या काळी अरबस्तानाचा माल उतरत होता.

आता पूल बांधणाऱ्याच्या नजरेने तीच खाडी बघा. तोंडाशी पात्र रुंद, खाली खोल गाळ, वर भरती-ओहोटीचा ओढा आणि खारी हवा. टोकाशी पात्र अरुंद, खाली कातळ. ज्याच्याकडे पैसे बेताचे आहेत, तो पूल टोकाशीच बांधणार. महामार्गावरची गावं वाचा: महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. ही सगळी खाड्यांच्या टोकाची जुनी ठिकाणं आहेत. नावेचा प्रवास जिथे संपायचा, तिथेच पूल बांधणं परवडायला लागतं. म्हणून पूल झाले तेव्हा जोडीतलं एक गाव तरलं आणि दुसरं मागे पडलं. चिपळूण वाढलं, दाभोळ थांबलं. महाड वाढलं, बाणकोट थांबलं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं हे. नदीच्या रुंदीने केलं.

(पुराचं कोडंही यातच आहे. भरतीचं पाणी जिथे पोचतं आणि डोंगरातलं पाणी जिथे उतरतं, त्या नेमक्या जागी ही गावं वसलेली आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाली, तेव्हा हा जुना हिशेबच समोर आला होता.)

दुसरीकडचा रस्ता

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोपर्यंत घाट म्हणजे बैलाच्या पाठीवरचा माल. आता चाकाची गाडी पुण्याहून खाली उतरू लागली. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वेही सुरू झाली. मुंबई आणि देश यांच्यामधली भिंत पडली आणि मुंबई फोफावली. हा महाराष्ट्राच्या इतिहासातला मोठा टप्पा मानला जातो, आणि तो आहेच.

पण हीच घटना महाड किंवा राजापूरच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावरून कशी दिसली असेल? देशावरचा माल समुद्राला पोचवण्याच्या पूर्वी अनेक वाटा होत्या. वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा प्रत्येक घाटाखाली एक पेठ, आणि प्रत्येक पेठेपुढे एक खाडी. आता एक वाट इतकी सोपी आणि स्वस्त झाली की बाकीच्या ओस पडू लागल्या. पुढे १८८८ मध्ये मुरगाव बंदर रेल्वेने देशावरच्या मुलखाशी जोडलं गेलं, आणि बेळगावकडून आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला उतरणाऱ्या मालाला दुसरं दार मिळालं. १८९१ मध्ये कोल्हापूर मिरजमार्गे रेल्वेच्या जाळ्यात आलं. कोल्हापूरचा गूळ फोंडा घाटाने खाली उतरवण्यापेक्षा डब्यात भरून मुंबईला पाठवणं सोपं झालं.

माझ्या कामात नेटवर्कचे आलेख रोज समोर येतात. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. नवी रेघ ओढली की काही ठिपक्यांमधलं अंतर कमी होतं, हे सगळ्यांना दिसतं. जे पटकन दिसत नाही ते असं: ज्या ठिपक्यांवरून पूर्वी वाहतूक जायची, त्यांच्यावरून ती जाईनाशी होते. त्यांची एकही रेघ पुसलेली नसते. त्यांचं काहीच मोडलेलं नसतं. फक्त आता तिथून जायचं कुणाला कारण उरत नाही. राजापूरला एकोणिसाव्या शतकात नेमकं हे झालं. खाडीत गाळ साचत गेला हे खरं, पण बंदराला पैसे मिळत असतील तर गाळ काढणारे मिळतात.

'दुर्लक्षित प्रदेश' हा शब्द आपण असा वापरतो, जणू तो प्रदेश मुळापासूनच तसा होता आणि अजून विकास तिथवर पोचला नाही. कोकणाबाबत हे सपशेल चूक आहे. तो वाटेवरचा प्रदेश होता. वाट बदलल्यावर तो कोपऱ्यातला झाला.

आगबोट

पेठा बसल्या, शेतं डोंगरउताराची आणि तुकड्या-तुकड्यांची. त्याच काळात मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. पुढे जे झालं ते घराघरात माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मुंबईला गेली. गिरणी कामगारांमध्ये या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. गावात राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोस्टमनची वाट पाहणं. मनिऑर्डर हे पीक कधी बुडायचं नाही, म्हणून तेच मुख्य पीक झालं.

ही सगळी ये-जा समुद्रानेच होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आगबोटी सुरू झाल्या. बोट बंदरापासून दूर खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून तिथवर जायचं, आणि लाटांवर वरखाली होणाऱ्या पडावातून ट्रंक, पोरं आणि फणसासकट बोटीवर चढायचं. गाडीत मळमळलं की आपण 'गाडी लागली' म्हणतो. कोकणातल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'बोट लागली' हा शब्द अजून आहे. भाषेत त्या प्रवासाची आठवण टिकून राहिली आहे.

आणि पावसाळ्यात हे दार बंद. समुद्र खवळला की बोटी थांबायच्या त्या नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा सुरू व्हायच्या. जे चार महिने कोकण हिरवंगार आणि देखणं म्हणून आपल्या रील्समध्ये झळकतं, ते चार महिने तिथल्या माणसाला बाहेर पडणं मुश्कील होतं. बाळंतपण अडलं, साप चावला, तर जे व्हायचं ते व्हायचं. अवेळी निघालं तर काय होतं, ते १७ जुलै १९४७ रोजी दिसलं. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर आषाढात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. दुसऱ्या दिवशी गटारी अमावास्या आणि पुढे सण, म्हणून घरी निघालेली माणसं होती ती. स्वातंत्र्य जेमतेम महिन्यावर आलं होतं.

म्हणून पुढे मी रस्त्यांच्या दुसऱ्या बाजूबद्दल जे लिहिणार आहे, ते वाचताना हे विसरू नये. जुनं ते सोनं असा माझा सूर नाही. बारमाही रस्ता म्हणजे काय, हे त्याच्याशिवाय चार महिने काढणाऱ्यांना जास्त कळतं.

रस्ता कुणाचा?

रस्त्याबाबत आणखी एक गोष्ट महाडमध्येच घडली. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. मुंबईहून महाडला यायचा एक सरळ मार्ग धरमतरला उतरून तिथून मोटारीने येण्याचा. पण सवर्णांच्या दबावाखाली असलेले मोटारमालक परिषदेच्या लोकांना नेणार नाहीत, असं कळलं. मग बाबासाहेब आणि दोनशेहून अधिक प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे आले, बाणकोटच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल पायी महाडला गेले. तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं.

रस्ता होता. मोटारी होत्या. पण त्या कुणासाठी होत्या, हे वेगळ्याच कुणीतरी ठरवलं होतं. डांबर आणि दगड यांच्या हिशेबात हा प्रश्न बसत नाही, तरी तो प्रत्येक रस्त्याला विचारावा लागतो. स्वातंत्र्यानंतर एसटी आली, आणि माझ्या मते या प्रश्नाला मिळालेल्या चांगल्या उत्तरांपैकी ते एक होतं. तिकीट काढलं की सीट कुणाचीही. डोंगरातल्या गावात मुक्कामी राहणारी 'वस्तीची गाडी' पहाटे निघायची आणि तालुक्याच्या शाळेतली मुलं, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा, टोपल्या घेतलेल्या कोळणी अशी सगळ्यांना एका बाकड्यावर बसवून न्यायची.

चाकं आली, माणसं गेली

महाडजवळ सावित्रीवर १९२८ साली दगडी पूल झाला. त्याच सुमारास आणि पुढच्या दशकात इतर नद्यांवरही पूल होत गेले. स्वातंत्र्यानंतर मधल्या मोऱ्या, फरशी आणि घाट पूर्ण होत हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग बनला. कोकणाचं तोंड हळूहळू फिरलं. शेकडो वर्षं जे समुद्राकडे बघत होतं, ते आता डांबरी रस्त्याकडे बघू लागलं. हॉटेलं, गॅरेज, कॉलेज, दवाखाने महामार्गाच्या नाक्यांवर झाले. किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांत कस्टमची पडकी कचेरी आणि एखादी जेटी उरली. प्रवासी आगबोटी ऐंशीच्या दशकानंतर दिसेनाशा झाल्या.

मग आली कोकण रेल्वे. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं आली आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत साडेसातशेच्या आसपास किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच. इंजिनिअर म्हणून या कामापुढे हात जोडावेसे वाटतात. गणपतीला चाकरमानी एका रात्रीत घरी पोचू लागला, ही गोष्ट आकड्यांत मांडता येणार नाही इतकी मोठी आहे.

पण रेल्वेला वळणं आणि चढ चालत नाहीत. ती गावं बघून जात नाही, भूमिती बघून जाते. म्हणून राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसला की समजायचं, उतरल्यावर अजून रिक्षा लागणार. आणि लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या या स्टेशनांवरून शिट्टी मारत निघून जातात. ज्यांच्या जमिनीतून रूळ गेले, त्यांना गाडी थांबवण्यासाठी निवेदनं द्यावी लागतात.

आता एक आकडा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९७ हजार. २०११ मध्ये ती झाली १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आला. मुंबई शहर जिल्हा वगळला तर त्या दशकात लोकसंख्या घटलेले महाराष्ट्रातले हे दोनच जिल्हे. रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकातली ही गोष्ट आहे. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे प्रगतीचं लक्षण म्हणून मिरवायचा मोह होतो, पण मोठं कारण असं की पुरुष तिथे नाहीत.

हे रेल्वेमुळे झालं, असं मी म्हणत नाही. कोकणात जन्मदर आधीच खाली आला होता, आणि मुंबईला जाण्याची सवय शंभर वर्षांची. पण रेल्वेने ते थांबवलं नाही, हे नक्की. आपली समजूत अशी असते की रस्ता, पूल, रेल्वे म्हणजे नळ. जोडला की विकास आत येणार. प्रत्यक्षात तो पाइप असतो आणि त्याला दोन्ही टोकं असतात. पाणी कुठून कुठे वाहील, हे पाइप ठरवत नाही. कुठल्या बाजूला दाब जास्त आहे, त्यावर ते ठरतं. पूर्वी गावाला जायला दोन दिवस लागायचे, म्हणून माणूस कुटुंब गावी ठेवून एकटा मुंबईत राहायचा. प्रवास सोपा झाल्यावर कुटुंबही विरार-डोंबिवलीला आलं आणि घराला कुलूप लागलं. गणपतीला उघडायचं, मे महिन्यात उघडायचं. जाणं सोपं झालं, तसं येऊन-जाऊन राहणंही सोपं झालं, आणि नुसतं राहण्याची गरज कमी झाली.

परतीचा माल

मग दाब उलटा कशाने होतो? याचं कोकणातलंच उदाहरण आहे: आंबा.

हापूस पूर्वी शिडाच्या होडीने आणि आगबोटीने मुंबईला जायचा. वारा पडला तर पेटी वाटेतच पिकायची. रस्ता झाल्यावर संध्याकाळी देवगडहून निघालेला ट्रक सकाळी मुंबईच्या बाजारात. नासाडी कमी झाली, लागवड करण्यात अर्थ वाटू लागला. पण फक्त रस्त्याने कातळावर झाडं उगवली नाहीत. १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. म्हणजे खड्डे खणायची, रोपं लावायची मजुरी सरकारकडून, आणि बाग शेतकऱ्याची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तंत्र दिलं. तेव्हा कुठे पडीक वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला आणि रस्त्यावरून बाहेर जायला माणसांखेरीज काहीतरी मिळालं.

तरीही भाव मुंबईतच ठरत होता. मोसमाआधी दलाल उचल द्यायचा आणि पेटी त्याच्याच गाळ्यावर जायची. रस्त्याने वेळ वाचवला, पण सौदा कुणाच्या हातात हे बदललं नाही. ते आता थोडं बदलतं आहे, तेही रस्त्यामुळे नाही, फोनमुळे. बागायतदार थेट पुण्याच्या सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेट्यांची ऑर्डर घेतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव तरी कायद्याने कोकणाचं राहिलं. एका फळाला बाजारात आपल्या पायावर उभं राहायला रस्ता, मजुरीची योजना, विद्यापीठ, कायदा आणि इंटरनेट एवढं सगळं लागलं. यातलं एकटं डांबर पुरलं नसतं.

बांधणं आणि सांभाळणं

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा तो दगडी पूल पुरात कोसळला. अंधारात पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि इतर वाहनं नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, काहींचे देहही सापडले नाहीत. पूल अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. शेजारी नवा पूल होता, तरी जुन्यावरून वाहतूक चालूच होती. नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला.

वर्षभराच्या आत! म्हणजे पैसा, तंत्र, माणसं सगळं उपलब्ध होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे चांगलं माहीत असतं की नवं फीचर केलं तर टाळ्या मिळतात, जुनं चालू ठेवलं तर कुणाला कळतही नाही. उद्घाटनाची कोनशिला असते, देखभालीची नसते. पण ज्या प्रदेशाने समुद्राचं दार बंद करून सगळा भार दहा-बारा पुलांवर टाकला आहे, तिथे देखभाल हाच खरा विकास असतो. हा प्रश्न गावातही तोच. कोकणात वाडीवरून शाळेत जायला वहाळ ओलांडावा लागतो, आणि त्यावर साकव असतो. कधी सिमेंटचा, कधी दोन ओंडक्यांचा. तो वाहून गेला तर शाळा बंद. चौपदरी महामार्ग झाला, तरी त्या मुलीचा पावसाळा तेवढाच लांब राहतो.

पुन्हा समुद्राकडे

आता चक्र उलटं फिरू पाहतंय. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा सागरी महामार्ग ही कल्पना बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या काळापासूनची, म्हणजे १९८० च्या सुमाराची. ते स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे. खाडीच्या तोंडाशी पूल नसणं म्हणजे काय, हे त्यांना कागदावर वाचावं लागलं नव्हतं. चाळीस वर्षं तो रस्ता तुकड्या-तुकड्यांत राहिला, कारण अडचण तीच होती: खाडीची तोंडं रुंद, गाळ खोल, खर्च मोठा. मधल्या काळात २००३ पासून दाभोळ-धोपावे आणि मग इतर खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या, आणि लोकांनी त्या उचलून धरल्या. आता तोंडाशी पूल बांधण्याचं तंत्र आहे आणि पैसाही आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला जवळपास बावीस किलोमीटरचा अटल सेतू हे त्याचं मोठं उदाहरण. खाड्यांवरचे पूल झाले की दाभोळ, बाणकोट, जैतापूर ही गावं दीडशे वर्षांनी पुन्हा वाटेवर येतील.

मला हे पूल हवे आहेत. रात्री अकराला पोटात दुखायला लागलेल्या दाभोळच्या माणसाला शेवटची फेरी गेलेली असते, एवढं एक कारण पुरेसं आहे. पण या पुलांवरून सगळ्यात आधी काय येणार, हेही दिसतं आहे. रुग्णवाहिकेच्या आधी जमिनीचे एजंट पोचले. अलिबागच्या बाजूला हे होऊन गेलेलं आहे. समुद्र दिसणारा कातळ, जो आजवर कुणी फुकट घेत नव्हता, तो विकला जातो, त्याला कुंपण घातलं जातं, आणि ज्याने विकला त्याचा मुलगा त्या बंगल्यावर पहारेकरी होतो. पूर्वी रस्त्याने माणसं गेली, तरी जमीन मागे होती. म्हणून १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा हजारो माणसांना परतायला गाव होतं. या वेळी जमीनच गेली, तर पुढच्या संकटात परतायचं कुठे?

उत्तर पूल न बांधणं हे नाही. पुलाबरोबर बाकीच्या गोष्टी बांधणं हे आहे. खाडीकाठच्या बंदरात बर्फाचा कारखाना आणि शीतगृह, म्हणजे मासळी दुसऱ्याच्या भावाने विकावी लागणार नाही. तालुक्याला चांगलं रुग्णालय, म्हणजे पूल ओलांडून मुंबईलाच जावं लागणार नाही. जमीन विकण्याऐवजी भाड्याने देण्याची सोपी कायदेशीर सोय. आणि वाडीचा साकव. यातल्या कशाचंही ड्रोनमधून काढलेलं सुंदर चित्र होत नाही, म्हणून ते मागावं लागतं.

महामार्गाच्या जाहिरातीत नेहमी वेळ सांगतात: मुंबई ते गोवा इतक्या तासांत. या आकड्यात कोकण कुठेच नाही. ते फक्त दोन टोकांमधलं अंतर आहे, जे कमी करायचं आहे. कोकणाला उपयोगी पडणारा आकडा वेगळा आहे आणि तो पुढच्या जनगणनेत येईल: रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार होती. नवी मोजणी जाहीर होईल तेव्हा आधी ती ओळ शोधा. पुलांची लांबी नंतर बघू.